आळीचा विस्तव

महाडला राहायला आले तेव्हा पहिले काही दिवस मी नुसती तोंड वासून हिंडत होते. बाजारपेठेत खांबांवर विजेचे दिवे! तिन्हीसांजेला कुणी वात लावत नाही, काडी ओढत नाही, आणि एकदम लख्ख! लेकीचा हात धरून मी खांबाखाली उभी राहायची आणि तो दिवा लागायची वाट बघायची. माझी वाडी पोलादपूरच्या वर, कापड्याच्याही पुढं डोंगरात. तिथं अंधार पडला की पडला. इथं अंधाराला कुणी विचारत नव्हतं. एवढी दुकानं, एवढी माणसं, एस.टी.चा तो धुरळा. देवा रे, केवढं हे गाव, असं रोज मनात यायचं.

आले होते लेकीच्या शाळेसाठी. वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पोर हुशार, मास्तर म्हणाले हिला घरी बसवू नका. घरधनी मुंबईला गिरणीत, त्यांनी निरोप धाडला की महाडला खोली घे. सासूनं नाक मुरडलं, तरी मी आलेच.

पहिल्याच दिवशी सकाळी उठले, खापरीत शेणीचा तुकडा घेतला आणि शेजारच्या दारात गेले. तिथं आमच्या घरमालकीणबाई राहायच्या. नवरा कचेरीत कारकून, बाई नीटनेटकी, बोलणं अगदी शुद्ध.

"वयनी, विस्तव हाय का?" मी विचारलं.

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. आत गेल्या, एक कोरी आगपेटी आणून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "असू द्या. परत नका करू." आणि दार लोटून घेतलं.

आगपेटी! माझ्या घरात काय आगपेटी नव्हती? अहो, आमच्या वाडीत सकाळी एकीनं दुसरीच्या चुलीतला विस्तव न्यायचा म्हणजे तिच्या दारात घटकाभर टेकायचं. रात्री झोप लागली का, पोराचा खोकला कसा आहे, गाय व्याली का, हे सगळं त्या निखाऱ्याबरोबर घरी यायचं. आणि ही बाई मला भिकारीण समजली. माझं डोकं असं फिरलं म्हणता! ती आगपेटी मी फळीवर टाकली आणि तिला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली.

मग पाऊस गेला, दिवाळी गेली. लेक शाळेत रमली. नकाशा काय काढायची, कविता काय म्हणायची, ऐकत राहावं. मी मात्र दिवसभर बंद दारांच्या आळीत बंद दारामागं. माणसं वाईट नव्हती. समोर आली तर हसायची, बाजूला सरून वाट द्यायची. पण कुणाच्या उंबऱ्यावर कुणी टेकलेलं मी बघितलं नाही. बोलायला माणूस नाही म्हणून मी भांड्यांवर राग काढायचे. एवढं झगझगीत गाव आणि त्यात माझा जीव गुदमरायला लागला. संक्रांतीला मी लेकीला सांगून टाकलं, शिमगा झाला की वाडीला परत.

ती पाटावर बसून भात जेवत होती. हात तिथंच थांबला. "आये, परीक्षा शिमग्यानंतर हाय," एवढंच म्हणाली.

"असू दे गो," मी म्हणाले. वर्ष फुकट जाईल, पुन्हा शाळेचं तोंड दिसायचं नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिनं भात संपवला आणि ताट उचलून धुवायला गेली. त्याचंच मला जास्त लागलं.

शिमगा जवळ आला. मी मालकीणबाईंना विचारलं, आपल्या आळीची होळी कुठं लागते? त्या म्हणाल्या, "आळीची होळी बंद आहे. फार वर्षं झाली." आळीच्या तोंडाशी मोकळी जागा होती, तिथं पूर्वी लागायची. मग पहिला नारळ कुणाचा, यावर दोन घरांत मानाचं भांडण पेटलं, ते इतकं की होळीच विझली. आता त्या जागेवर सगळी आळी कचरा टाकायची.

ऐकून माझं टाळकंच सरकलं. मानासाठी होळी बंद? तशीच घरात गेले, झाडू घेतला आणि त्या ढिगाशी भिडले. खिडक्या उघडल्या. कुणी खोकलं, कुणी हसलं. मालकीणबाई लगबगीनं आल्या. "अहो, हे नगरपालिकेचं काम आहे. तुम्ही कशाला?"

"नगरपालिका होळी पन पेटवून देनार हाय काय?" मी म्हणाले. आणि मग तोंड सुटलंच. "तुमी मला आगपेटी दिलीत! मी काय आगपेटी मागितली व्हती? आमच्याकडं विस्तव न्यायला येतात ते रात्री झोप लागली का, हे इचारायला येतात. कळलं?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. आल्या पावली परत गेल्या. झालं, आता ही खोली खाली करायला लावणार, असं म्हणत मी झाडत राहिले. थोड्या वेळानं शेजारी खरखर ऐकू आली. पदर खोचून बाई झाडत होत्या. हातात त्यांचा देवघरातला झाडू, त्यानं का कचरा निघतोय! मला हसू आलं, आणि त्यांनाही.

पुढचं आजही डोळ्यांसमोर आलं की मी थक्क होते. तिसऱ्या दारातून एक म्हातारे गृहस्थ मोडका पाळणा घेऊन आले. कुणी जुनी चौकट आणली, कुणी नारळाच्या झावळ्या. भांडलेल्या दोन्ही घरांतून लाकडं आली, मात्र एकमेकांकडं न बघता. त्या आळीत एवढी माणसं राहतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. हल्ली गाव सुंदर करायचं म्हणून बाकडी टाकतात, कारंजी उडवतात. उडवोत बापडे. माणसं दाराबाहेर निघाली की गाव कसं दिसतं, ते मी त्या संध्याकाळी बघितलंय.

होळी रचून झाली आणि पुन्हा तोच घोळ, लावायची कुणी? दोन्ही घरचे पुरुष ताठ उभे. मालकीणबाईंचे यजमान म्हणाले, "ह्या भाडेकरू बाई. यांना ना मान ना पान. यांनीच लावावी." बाईनं होळी लावायची? कुणीतरी कुरकुरलं, पण दुसरं कुणालाच सुचेना. मी घरात गेले आणि फळीवरची ती कोरी आगपेटी घेऊन आले. शपथ गेली खड्ड्यात! ज्वाळा वर गेल्या तशी पोरांनी अशी बोंब ठोकली की बाजारपेठेपर्यंत गेली असेल. ते सगळे चेहरे लाल उजेडात बघताना माझ्या अंगावर काटा आला. त्यापुढं विजेचे दिवे काहीच नव्हते.

रात्री मी होळीतले निखारे खापरीतून घरी आणले, वाडीच्या रीतीप्रमाणं, आणि चुलीत राखेखाली झाकले. मग बोचकं बांधायला घेतलं. एक रात्र सुंदर झाली म्हणून वर्ष थोडंच निघतं? लेकीनं न सांगता आपली पुस्तकं आणून दिली. मी ती तळाशी घातली. मला डोळा लागला नाही.

सकाळी दार वाजलं. मालकीणबाई उभ्या होत्या, हातात पितळेची पळी. "पोरांनी धुळवडीचं पाणी ओतून होळी विझवली," त्या म्हणाल्या. "आमच्या बंबाला विस्तव हवाय. आहे का हो तुमच्याकडे?"

त्यांच्या मागं आळीत आणखी बायका होत्या. कुणाकडं चिमटा, कुणाकडं फुटकं मडकं. घरोघरी आगपेट्या असलेल्या बायका! मी नुसती बघत राहिले. राख सारायला खाली बसले, तशा मालकीणबाई माझ्या उंबऱ्यावर टेकल्या. शिकवलेला धडा म्हणावा तसं जरा अडखळत त्यांनी विचारलं, "रात्री झोप लागली का?"

"नाय लागली," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं.

मागं काहीतरी खसखसलं. लेकीनं बोचक्याची गाठ सोडली होती आणि तळातली पुस्तकं ती एकेक करून बाहेर काढत होती.