रझियाआपाचं घर

“चौदा पात्रं आहेत आणि सगळी एकाच आईची लेकरं वाटतात,” केतकी व्हिडिओ कॉलवर म्हणाली. केतकी म्हणजे चॅनलची क्रिएटिव्ह हेड. मालिकेत कोण राहणार, कोण जाणार, हे ती ठरवते. “अमरावतीची गल्ली दाखवतोय ना आपण? मग व्हरायटी कुठंय? एक मुस्लिम शेजारीण आण. सोमवारपर्यंत.”

मी मालिका लिहिते. सतरा वर्षं मुंबईत काढली आणि अकोल्याला परत आले, कारण हे काम कुठूनही होतं. होतंच. पण एकटीनं होतं. दिवसभर मी चौदा जणांना बोलतं करायची आणि स्वतः फार तर दूधवाल्याशी दोन वाक्यं बोलायची.

पात्राचं वय, सवयी, भीती, बोलायची ढब, सगळं आम्ही आधी एका कागदावर लिहितो. त्याला बायबल म्हणतात. रझियाआपाचं बायबल अर्ध्या तासात झालं. वय अठ्ठावन्न. साड्यांना पिको-फॉल करते. ईदला शीरखुर्मा आणते. नायिका रडली की शेर ऐकवते. केतकी खूश झाली.

पिको-फॉल सुचलं, कारण आमच्या बिल्डिंगच्या खालीच नसरीनबाजींचं तेच दुकान आहे. दोन वर्षं मी त्यांच्या दारावरून जात होते, तेवढीच ओळख. बोली तपासून घ्यावी म्हणून पहिले तीन सीन घेऊन गेले. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं.

“बाई चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “पन हे आपल्या घरी केव्हा जाते?”

“म्हणजे?”

“दर वेळेस दुसऱ्याच्याच घरी बसून राह्यली. हिले सोताचं घर नाही काय? अन् हे शेर कोन बोलते मॅडम? मी तं गिऱ्हाइकाले म्हनतो, फॉल उद्या भेटन, घाई करू नका.”

मी वर येऊन बायबल पुन्हा पाहिलं. खरंच, रझियाला घर नव्हतं. मालिकेत घर म्हणजे सेट, आणि सेट म्हणजे खर्च. ज्याला सेट नाही ते पात्र दुसऱ्याच्या दिवाणखान्यात येतं, बोलतं आणि जातं.

“एक भिंत दे, एक मशीन, एक खिडकी,” मी केतकीला म्हणाले.

“तिथे होणार काय? स्टोरी आण, भिंत देते.”

स्टोरी आणायला मी रोज दुपारी खाली जाऊ लागले. नसरीनबाजी चहा करायच्या. त्यांच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात. एकदा धागा ओवता ओवता त्या म्हणाल्या, “मी लोकाईले सांगतो, पोरगा रोज फोन करते. कुठचा रोज! महिन्यातून एखादवेळी. पन नाही सांगितलं तं लोकं कीव करते. मले थे नाही सहन होत.”

मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मला सीन दिसला होता.

केतकीनं भिंत दिली. रझिया एकटी जेवतेय. शेजारीण विचारते, मुलाचा फोन आला का? रझिया हसून म्हणते, “आत्ताच ठेवला.” शेजारीण जाते. रझिया बंद पडलेला फोन चार्जिंगला लावते. बस, एवढंच. सीन गाजला. केतकीचा मेसेज आला, “सुपर! असं अजून दे.”

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. नसरीनबाजींनी मशीन थांबवलं नाही.

“अमरावतीहून माह्या बहिनीचा फोन आला होता,” त्या खाली बघत म्हणाल्या. “मीच सांगितलं होतं तिले, आमच्या वरच्या मॅडम लिहिते, पाह्यजो. तिनं पाह्यलं. मले इचारते, नसरीन, पोरगा खरंच रोज फोन करते ना?”

“बाजी, मी नाव कुठंच—”

“नावानं काय होते? मशीन तेच, बाई तेच.”

मी माफी मागितली. “जाऊ द्या,” म्हणाल्या. त्या दिवशी चहा झाला नाही.

चॅनलला रझियाचे अजून सीन हवे होते. माझ्याकडे ते होतेही. महिनाभराच्या दुपारी ऐकलेलं सगळं मला पाठ होतं. पण मी लिहिले नाहीत. उलट केतकीशी भांडून रझियाला मुलाकडे पुण्याला पाठवलं. मुलगा स्वतः घ्यायला येतो, असं दाखवलं. वाटलं, निदान एवढं तरी बरं लिहिलं.

आठवड्यानं जिन्यात नसरीनबाजी भेटल्या.

“पाठवलं तुमी तिले?”

“हो. मुलगा घेऊन गेला.”

“पाह्यलं मी. बहिनीनंबी पाह्यलं, गिऱ्हाइकांनीबी पाह्यलं.” पिशवी दुसऱ्या हातात घेत त्या म्हणाल्या, “आता सगळे मले इचारते, बाजी, तुमी केव्हा चालल्या?”

त्या दुकानाकडे वळल्या. मी वर आले. मालिका पुढे पाच महिने चालली. रझियाच्या भिंतीला निळा रंग देऊन तिथे मोबाईल रिपेअरिंगचं दुकान केलं.

नवे लेखक मला विचारतात, वेगवेगळी पात्रं कुठून आणायची? मी सांगते, फार लांब जावं लागत नाही, शेजारी सापडतात. पण टीव्हीवरचं पात्र काढून टाकता येतं. शेजाऱ्याच्या दारावरून मात्र रोज जावं लागतं.