पडदे लावलेली खोली

शारजातल्या आमच्या घरी एसीवाल्याने तापणाऱ्या तांब्याचा रंग नीट दिसावा म्हणून बेडरूमचे पडदे ओढले, पाइपला ज्योत लावली, आणि तापलेल्या धातूचा तो वास आला.

लग्नानंतर मी शारजाला निघणार होते, त्याचा आदला दिवस आठवला. रत्नागिरीकडचं आमचं घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि अब्बा भर दुपारी खिडक्या लावून रायफलच्या रिकाम्या काडतुसांची तोंडं ज्योतीवर तापवत बसले होते. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची रायफल होती. काडतुसं ते घरीच पुन्हा भरायचे.

"एवढा अंधार कशाला, अब्बा?"

"उजेडात पितळेचा रंग कळत नाही, बेटा. वापरून वापरून ते कडक होतं, मग तडकतं. तापवलं की नरम पडतं."

काडतूस पाण्यात पडून चर्र झालं. त्यांनी मान वर केली नाही. आजसुद्धा हेच काम, म्हणून मी चिडून बाहेर गेले.

यंदा अब्बा गेले. बातमीचा फोन ठेवून मी मुलांचे डबे भरले. अजून रडलेले नाही.

"खलास, मॅडम. परदा खोलूँ?" एसीवाल्याने विचारलं.

"रहने दो," मी म्हटलं.

त्या दुपारी अंधारात अब्बांचा चेहराही मला दिसला नव्हता.