बेबीमावशीचे प्रॅक्टिकलचे मार्क

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी मोबाइल काढून बसते. भीती वाटते म्हणून नाही, कंटाळा येतो म्हणून. असलं काही मी कधीच मानलं नाही... आजही मानते की नाही, सांगता येत नाही. इंग्लिश मीडियमची आहे, लिहिताना चुकलं तर समजून घ्या. नावं बदलली आहेत.

मी मुलुंडला एका युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर आहे. जुने निकाल कॉम्प्युटरवर चढवायचं काम. कागद इतके विटलेत की स्कॅन करून मशीनला वाचता येत नाहीत, म्हणून दोघींची जोडी — एक मोठ्याने वाचते, दुसरी टाइप करते. माझी जोडीदार पल्लवी. ती आकडे इंग्लिशमध्येच वाचते, कारण मराठी आकड्यांना मी अडखळते. "सत्तेचाळीस म्हणजे किती गं?" असं एकदा विचारलं, तेव्हापासून ऑफिसभर मी 'कॉन्व्हेंट मॅडम'.

त्या दिवशी जेवणानंतर पल्लवीने बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या यादीतलं एक नाव वाचलं आणि माझी बोटं थांबली. ओळखीचं पहिलं नाव, मधे आजोबांचं, पुढे आईच्या माहेरचं आडनाव. बेबीमावशी!

बेबीमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. भांडुपला राहत्या खोलीत शिकवण्या घ्यायची. दारावर पाटी — नाव, आणि खाली बी.एस्सी. पण तिचा रिझल्ट कधी लागलाच नव्हता. कॉलेजने प्रॅक्टिकलचे मार्क पाठवले नाहीत म्हणून राखून ठेवलाय, असं ती सांगायची. घरात कुणालाच ते पटलं नाही. आई तर एका गणपतीत सगळ्यांसमोर म्हणाली, "पास झालीस ना? मग दाखव कागद! लोकांच्या पोरांना कशाला फसवतेस?"

पुढच्या वेळी गेलो तेव्हा पाटीवर बी.एस्सी.च्या जागी पांढरा रंग होता. मावशी मला जवळ घेऊन माझ्याकडून मराठी आकडे घोकून घेत बसली. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत मी हमखास चुकायचे.

गेल्या वर्षी ती गेली.

हे काहीच मी तेव्हा पल्लवीला सांगितलं नाही. मी कुणाला पटकन सांगत नाही. थिअरीच्या सगळ्या पेपरांत मावशी पास होती. मग प्रॅक्टिकलचा रकाना आला... आणि मला ऐकू आलं, "एकोणऐंशी."

अगदी कानाशी. मी थबकले.

"सेव्हन्टी नाइन गं. एटी नाइन नाही." थोडा वैताग, थोडं हसू. मी टाइप केलं.

"ए, हे काय टाकलंस?" पल्लवी स्क्रीनकडे वाकली. "इथे डॅश आहे."

"आत्ता बोललीस ना तू?"

"मी डॅश म्हटलं. तूच म्हणालीस, 'कळलं मावशी.' मावशी कुणाला म्हणतेस गं? तुझ्याहून लहान आहे मी!" ती हसली. मग माझा चेहरा बघून पाणी घेऊन आली.

मी आकडा खोडला. कागदावर नाही ते भरता येत नाही. अशा वेळी कॉलेजला मेल जातो, आणि उत्तर आलं नाही तर नोंद 'अपूर्ण' म्हणून कायमची बंद होते. हे कॉलेज कुठल्याच मेलला उत्तर देत नव्हतं. अनोळखी माणसाला फोन करायचा तरी मी आधी वाक्यं पाठ करते... पण रजा टाकून घाटकोपरला त्या कॉलेजात गेले. तिथल्या केमिस्ट्रीच्या सरांनी लॅबमागची कपाटं उघडून दिली. त्या वर्षीची मार्कांची पानं तिथेच होती.

"हे पाठवायचंच राहिलं की काय?" सर पुटपुटले.

मावशीच्या नावापुढे ७९.

प्रॅक्टिकलचे मार्क तेव्हा मुलांना सांगत नसत. म्हणजे खुद्द मावशीलाही हा आकडा कधी कळला नव्हता.

मार्क रीतसर ऑफिसात पोचले, रिझल्ट लागला. सेकंड क्लास. मी प्रिंट आणून आईसमोर ठेवली. तिने चष्मा लावून ती वाचली. "घाटकोपर काय लांब होतं?" म्हणाली. "कुणीतरी तिच्याबरोबर जायला हवं होतं." मग मावशी गेल्यावर माळ्यावर आणून ठेवलेली ती पाटी मला काढायला लावली. नेलपॉलिश रिमूव्हरने आम्ही पांढरा रंग पुसला. त्याच्याबरोबर खालची अक्षरंही निघून आली. तरी आई पुसतच राहिली.

पल्लवी म्हणते, आवाज माझ्या डोक्यातला असेल. असेलही. पण आकडा? तो डोक्यात कुठून येणार? खूप विचार केला, मला नाही सापडलं.

आईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खोटं म्हणाली नाही, खरंही म्हणाली नाही. फक्त शेवटी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलली का गं ती?"

मी नाही म्हटलं. खरंच काही बोलली नव्हती.