तिच्या बोटांतलं माझं नाव

मोताळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि तो मला कोणी आंदण दिलेला नाही. लग्नांमध्ये दुसऱ्याच्या कॅमेऱ्यामागे हॅलोजन धरून उभा राहायचो, तिथून सुरुवात केली. पहिला कॅमेरा नांदुऱ्याच्या एका माणसाकडून जुना घेतला, तोही अशी घासाघीस करून की शेवटी त्याने बॅग फुकट दिली आणि चहा पाजून मला घालवून दिलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी आयत्या बिळावरचा नागोबा समजू नये. तो नागोबा दुसराच होता.

तो माझ्याकडेच कामाला होता. फोकस कसा धरायचा, नवरीचा मामा फ्रेमबाहेर राहिला तर मांडवात काय होतं, हे त्याला मी शिकवलं. मग तो पुण्याला कसलासा कोर्स करायला गेला आणि परत आला तो एका संस्थेचा प्रशिक्षक होऊन. गावोगावच्या तरुणांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मोबाईलवर व्हिडिओ बनवायला शिकवायचं, म्हणजे ज्या माणसांना गाव मोजत नाही त्यांच्या गोष्टी गावासमोर येतील, असं ते काम. शिबिर ठेवलं मोताळ्यातच. मला बोलावलं ते लाईट, स्पीकर आणि पडदा भाड्याने द्यायला आणि कार्यकर्त्यांच्या एडिटिंगला हातभार लावायला. शिकवणार तो.

ज्याला मी ‘अबे, वायर गुंडाळ’ म्हणायचो, त्याला सगळं सभागृह ‘सर, सर’ करत होतं. मी ‘लाईटवाले काका’.

पुढचं शिबिर लोणारला होतं. तिथे त्याच्या जोडीला आणखी एक शिकवणारा लागणार होता. संस्थेच्या प्रमुख ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “शेवटच्या दिवशी फिल्म बघू आणि मग ठरवू.” त्या क्षणापासून ती जागा माझी झाली. लोणारला कुठला शर्ट घालायचा हेसुद्धा मी ठरवून टाकलं.

त्याचा एक नियम होता. “ज्याची फिल्म, त्याला आधी दाखवा. मग बाकीच्यांना.”

मी मागून ओरडलो, “काऊन बे? आपण नवरीले इचारून शूट करत होतो का?”

सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, “म्हणूनच तं भाऊ, नवऱ्या आपला अल्बम पाहून रडत.”

यावर सगळे जास्त हसले. ते हसू माझ्या कानात बरेच दिवस होतं.

एका गटाने बाजाराजवळ ब्लाउज शिवणाऱ्या मुलीवर फिल्म केली. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. भाऊ आणि वहिनीसोबत राहते. तिचे हातवारे वहिनीलाच नीट कळतात, पण शूटिंगच्या दिवशी वहिनी शेतात गेलेली. एका शॉटमध्ये मुलगी मशीन थांबवते, गाल फुगवते, श्वास रोखून धरते, डोळे मोठे करते आणि मग दोन्ही हात छातीपासून झटकन बाहेर उडवते.

“काका, तिचा जीव घुसमटते, असं सांगून राह्यली ते,” गटातली एक कार्यकर्ती हळहळून म्हणाली.

मला त्या शॉटमध्ये लोणार दिसलं. मी तो संथ केला, रंग काढून टाकला, खाली बासरी घातली. इतकी वर्षं मुलीच्या पाठवणीखाली घालत आलोय, त्यातलीच एक. नाव दिलं ‘मूक वेदना’.

संध्याकाळी त्याने विचारलं, “भाऊ, तिले दाखवली का?”

“उद्या मोठ्या पडद्यावर पाहील ना ते. घरचं कार्य असल्यासारखं.”

तो वळून खुर्च्या लावायला गेला. मला वाटलं, जळला.

दुसऱ्या दिवशी फिल्म लागली आणि सभागृह रडलं. खोटं नाही सांगत, मागच्या रांगेतले बाप्ये नाक ओढत होते. ताईंनी चष्मा काढून पुसला. मी पडद्याकडे बघतच नव्हतो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो. असं सुख मला कुठल्या सौद्यात मिळालं नाही.

तेवढ्यात वहिनी उठून उभी राहिली. शेजारी ती मुलगी तिचा पदर ओढत होती.

“थांबा जरासक. हे इचारून राह्यली का, लोक कायले रडून राह्यले? कोणी मेलं काय?”

वहिनीने पडद्याकडे बोट दाखवलं.

“तिनं तं गंमत सांगतली होती. एक बाई माप देताना श्वास आत घेऊन बसली, म्हणे मी लठ्ठ नाही. लग्नात श्वास सोडला अन् सगळे हूक उडाले.”

मुलीने उभं राहून पुन्हा करून दाखवलं. गाल फुगवले, हात उडवले. तो पुढे गेला, माझा स्पीकर बंद केला, माझाच, आणि मूळ शॉट जसाच्या तसा लावला. लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. ताईंनी पुन्हा चष्मा काढला.

मी आजही म्हणतो, लोकांना रडवणं खायचं काम नाही. एवढ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं ते काय बासरीच्या दुकानातून आलं? पण त्या दिवशी हिशोब वेगळाच झाला. तो ताईंना म्हणाला, लोणारला हिलाच नेऊ, वहिनीसोबत. कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला काय वाटतं, ते तिच्याइतकं कोण शिकवणार? ताई लगेच हो म्हणाल्या. मी वायरी गुंडाळत होतो.

लोणारचे फोटो ग्रुपवर आले. मी एकेक मोठा करून पाहिला. ती पुढे खुर्चीत बसलेली, तो बाजूला, आणि सगळी पोरं हात वर करून डोळ्यांपुढे बोटांची चौकट धरून उभी. का, ते कळलं नाही.

मग स्टुडिओला नवा पडदा शिवायचा होता. शिलाईवाले गावात आणखीही आहेत, पण मी तिच्याकडेच गेलो. शिकवणारी झाल्यावर भाव वाढवलाय का, ते बघायचं होतं. वाढवला होता. तिने बोटं दाखवली, मी दोन बोटं मिटायला सांगितली, तिने मान उडवली. मध्येच ती वहिनीकडे वळून हातांनी काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

“काय म्हणते?”

“तिनं सगळ्याइले हाताचे नावं देल्ले ना भाऊ. तुमच्या त्या सराचं हे.” वहिनीने बोटांची चौकट डोळ्यांपुढे धरली.

“अन् माहं?”

वहिनी लाजली. मुलीनेच दाखवलं. दोन बोटं डोळ्यांखाली टेकवली आणि गालांवरून खाली ओढली.

त्याला चौकट. मला आसवं.

“तिले सांगा,” मी म्हणालो, “शिलाई म्हणते तेवढी देतो. घासाघीस नाही. पण नाव बदलाव. मलेही कॅमेऱ्याचं दे म्हणा.”

वहिनीने सांगितलं. मुलीने माझ्याकडे नीट पाहिलं, माप घेताना पाहतात तसं. मग भावाची बोटं पुन्हा वर केली आणि त्यातली दोन आपणच मिटली, मी मघाशी मागत होतो तितकीच. आणि तोच हात उचलून गालांवरून पुन्हा आसवं ओढली.

मी कापड तिच्या मशीनवर ठेवलं आणि बुधवारी मिळेल का ते विचारलं.