मायनं शिकवलं तेवढं व्याकरण

परवा सकाळी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या घरी ओसरीत बसून लसूण सोलत होते, तेवढ्यात पुण्याहून सुनेचा व्हिडिओ कॉल आला. ती माझ्या नातीला शाळेत न घालता घरीच शिकवते. म्हणाली, "आई, तुम्ही शिक्षिका होतात, सांगा ना... व्याकरण रोज किती वेळ घेऊ?"

मला हसूच आलं. हाच प्रश्न आमच्या घरात सत्तर वर्षांपूर्वी पडला होता... आणि तेव्हा घरी शिकणारी मुलगी मी होते!

रामाकोन्याजवळ आमचा संत्र्याचा बगीचा. झाडावरून पडून माझा पाय मोडला आणि दोन वर्षं शाळा सुटली. बाबांनी सांगून टाकलेलं, यंदा सौंसरच्या शाळेत पाचवीला नाव लागलं तर ठीक, नाहीतर पोरीनं घरकाम शिकावं. मला शिकायचं होतं हो... फार शिकायचं होतं.

शिकवायला माय. तिचं शिक्षण चौथी! काकांनी एक जाडजूड व्याकरणाचं पुस्तक आणून दिलं, रोज तासभर घोकून घ्या म्हणाले. मायनं चार दिवस नेटानं घेतलं आणि पाचव्या दिवशी पुस्तक फळीवर ठेवलं. "हे तुह्या डोक्यावरून जाऊन राहिलं, अन् माह्या बी," म्हणाली.

मग तिनं स्वतःचीच रीत काढली. वहीच्या डाव्या पानावर दिवसभरात कोणी काय बोललं ते जसंच्या तसं लिहायचं, आणि उजव्या पानावर तेच पुस्तकातल्या भाषेत. गडी म्हणायचा, "बैल पानी पेऊन राहिले", ते डावीकडे... "बैल पाणी पीत आहेत", हे उजवीकडे. डावीकडचं चूक आहे असं माय कधीच म्हणाली नाही. ते बोलायचं, हे लिहायचं, एवढंच. व्याकरणाचं पुस्तक फक्त रविवारी खाली यायचं, तेही कुठे अडलं असेल तर.

काका चिडले. पोरीचं वर्ष वाया घालवून राहिली म्हणाले. मायनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वही पुन्हा पुढ्यात ठेवली.

प्रवेशाच्या दिवशी माय मला घेऊन सौंसरला आली. हेडमास्तरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "विशेषण म्हणजे काय?" मी गप्प. सर्वनाम? गप्प. ते मायला म्हणाले, "बाई, व्याकरण कच्चं आहे. पुढच्या वर्षी आणा." आम्हाला पुढचं वर्ष नव्हतंच ना...

माय परक्या माणसासमोर मान वर करून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "तिले काही लिहाले सांगा जी. मंग ठरवा."

दारात एक म्हातारे शेतकरी ताटकळत उभे होते. नुकतीच राज्यं नव्यानं आखली गेली होती... आमची राजधानी भोपाळ झाली आणि कालपर्यंत आपलं असलेलं नागपूर एकदम परराज्य! हेडमास्तर दारातल्या त्या आजोबांकडे बोट दाखवून म्हणाले, "यांचा अर्ज लिही."

आजोबा सुरू झाले. "माहा नातू मामाकडं नागपूरले शिकाले जाऊन राहिला जी. आता थे दुसरं राज्य झालं म्हन्तेत, त दाखला पायजे..." मग मामाचं घर, बैलाचं दुखणं, यंदाची संत्री, सगळंच आलं. मी मनातल्या मनात डावं पान ऐकत होते आणि कागदावर उजवं पान उतरवत होते. सात ओळींत अर्ज झाला.

मास्तरांनी तो मोठ्यानं वाचला. आजोबा खूश! "हो जी, हेच म्हनून राहिलो ना मी!"

मास्तर हसले. मायसाठी खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "बाई, व्याकरण किती शिकवलंत हो तुम्ही?"

माय काही खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "लागलं तेवढं, जी."

नाव लागलं! दिवाळीपर्यंत व्याख्या पाठ करायच्या, एवढी अट मास्तरांनी घातली. आठवडाही लागला नाही मला... वस्तू सगळ्या ओळखीच्या होत्या, त्यांची नावं तेवढी शिकायची राहिली होती.

परतताना बैलगाडीत माय हळूच म्हणाली, "बेबी, थे विशेषण काय असते, शिकली की मले बी सांगजो."

पुढे मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण माझी पहिली विद्यार्थिनी माझी माय. चुलीपुढे बसून तिनं सगळ्या व्याख्या माझ्याकडून पाठ केल्या... आणि मी मास्तरांना म्हणून दाखवायच्या आधी मला म्हणून दाखवल्या!