सपाट जमिनीची भीती

देवाशी माझं भांडण अगदी साध्या गोष्टीवरून होतं. तापीच्या घाटावर आमच्या महादेवाचं देऊळ आहे. रस्त्यावरून खाली जायला पंचावन्न-साठ पायऱ्या आहेत, आणि त्या सगळ्या मी कुणाचा हात न धरता उतरायचो. शेवटची पायरी संपली की देवळाची फरशी लागते, गुळगुळीत आणि सपाट, आणि पंधरा-वीस पावलांवर पिंडी. तिथे माझे पाय जमिनीला चिकटायचे. दुखायचे नाहीत, बधिर व्हायचे नाहीत, फक्त चिकटायचे. मी मनात 'चल' म्हणायचो, धड पुढे झुकायचं आणि अंगठे जागच्या जागी राहायचे. मागून कुणी खेटलं की मी तोंडावर आपटायचो. दोनदा आपटल्यावर मी शेवटच्या पायरीवरूनच हात जोडू लागलो. जो साठ पायऱ्या उतरू देतो आणि दारात अडवतो, त्याला मी नकोच असणार, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी बऱ्हाणपुरात सरकारी मराठी शाळेत मास्तर होतो. राहायला बुधवाऱ्यात. पंचेचाळिशी उलटली तेव्हा उजव्या हाताचा अंगठा आपला आपणच थरथरायला लागला. मग अक्षर बदललं. फळ्यावर ओळ सुरू व्हायची ज्वारीच्या दाण्याएवढी आणि संपायची खसखशीएवढी. मागच्या बाकांवरची पोरं डोळे बारीक करायची, आणि मी त्यांच्यावरच खेकसायचो. शेवटी हेडमास्तरांनी खडू काढून घेतला आणि पाढे म्हणवून घ्यायचं काम दिलं. वैद्यबुवा म्हणाले, कंपवात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि औषध नाही, सवय करून घ्या, असंही सांगितलं. हाताची सवय मी करून घेतली. पायांचं मात्र काय करावं ते कळेना, कारण ते कधी चालायचे आणि कधी नाही, याला काही धरबंधच नव्हता.

आजारापेक्षा संशय वाईट, हे मी अनुभवाने सांगतो. घरी आम्ही दोघंच, मुलगी सासरी. आधी मी थोडा आळशीच होतो, हे कबूल करायला हवं. बाजारात जायची वेळ आली की मला हटकून पोथी आठवायची. त्यामुळे बायकोचा संशय अगदीच हवेतला नव्हता. "अहो, घाटाच्या साठ पायऱ्या उतरता, न् माजघरातून ओट्यापर्यंत येववत नाही? कोणाला सांगता?" असं ती म्हणायची. मी म्हणायचो, अंगणातली फरसबंदी जरा वाकडी आहे. त्यावर ती म्हणायची, "हो ना, नाचता येईना अंगण वाकडं."

त्यात म्हशीचा प्रकार घडला. एका सकाळी मी दारात असाच अडकून उभा होतो. गल्लीत एक म्हैस उधळली आणि थेट माझ्याकडे आली. मी काय केलं? धोतर सावरत चार ढांगांत गल्ली ओलांडली आणि समोरच्या ओट्यावर उडी मारून चढलो. साऱ्या आळीने पाहिलं. म्हैस गेली, आणि मी त्या ओट्यावर पुन्हा चिकटलो. लोक हसून हसून खाली बसले. ही हसली नाही. तिने मला हाताला धरून घरी आणलं, ताट वाढलं आणि पुढे कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिच्या दृष्टीने तो माझ्या ढोंगाचा पुरावा होता.

तरी उपाय करायला ती चुकली नाही, हे तिचं मोठेपण. राजपुऱ्यात मंत्र-उतारे करणारा एक जाणता होता. त्याने घर फिरून पाहिलं आणि निदान केलं, उंबरा धरतो. उंबऱ्याखाली कुणीतरी काहीतरी पुरलंय. सुतार बोलावून पिढ्यांचा सागवानी उंबरा उखडला. खाली एक गंजका खिळा आणि मुंग्यांचं वारूळ, एवढंच निघालं. खड्डा बुजवून जमीन छान सारवली, एकसारखी. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तसं झालं. पूर्वी मी दारात घटकाभर अडकायचो, पण कसाबसा पाय उचलून बाहेर पडायचो. आता दार म्हणजे भिंतच झाली.

या साऱ्याचा शेवट असा झाला की माझा मलाच संशय यायला लागला. माणूस स्वतःच्या नकळत ढोंग करू शकतो का? मी अंथरुणावर पडून हाच विचार करायचो. शाळेत जायचं टाळू लागलो. मागची खोली धरावी, तिथेच जेवण, तिथेच झोप, पायांकडे काही मागायचंच नाही, असं जवळजवळ ठरत आलं होतं. एकदा शेवटचा महादेवाला नमस्कार करून येऊ, म्हणून एका सोमवारी सकाळी टांगेवाल्याने हाताला धरून दाराबाहेर काढल्यावर टांग्याने घाटावर गेलो.

पायऱ्या उतरलो. शेवटच्या पायरीवर न थांबता मुद्दाम फरशीवर पाय ठेवला, आणि तिथेच खिळलो. डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात उचलला तर तोल जाणार, म्हणून तसाच उभा राहिलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्टरजी, चिपक गए क्या?"

हा शब्द मी कुणाला सांगितलेला नव्हता. लोक म्हणायचे अडतात, थांबतात, घाबरतात. चिकटतात, हे फक्त माझं मला ठाऊक होतं. मान वळेना, म्हणून मी नुसतं "हो" म्हणालो.

"मेरे भी चिपकते हैं. सीढ़ी पे नहीं, सपाट पे."

पायरीवर सूत धुवायला आलेला एक विणकर बसला होता. साठीचा, दाढी पांढरी, डावा हात मांडीवर सारखा थरथरत होता. नाव कासमभाई. सिंधीपुऱ्याच्या बाजूला राहायचा. एरवी तो सूत दुसऱ्या घाटावर धुवायचा. त्या दिवशी तिथे चिखल होता म्हणून इकडे आला. त्या दिवशीच चिखल का, याचं उत्तर शोधायच्या भानगडीत मी पडत नाही.

तो उठला, माझ्यासमोर आला आणि त्याने आपली काठी माझ्या अंगठ्यांपुढे आडवी ठेवली. म्हणाला, "पाँव को हुकुम मत दो. हुकुम वो सुनता नहीं. उसको काम दो. बोलो, ये लकड़ी लाँघ."

मी काठीकडे पाहिलं आणि पाय उचलला गेला. कसा, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कासमभाईने काठी पुन्हा पुढे ठेवली. मी पुन्हा ओलांडली. चार-पाच वेळा असं केल्यावर आम्ही दोघंही दमलो आणि पायरीवर येऊन बसलो. मग त्याने आपली हकीकत सांगितली. दिवसभर मागावर त्याचे पाय खालच्या पावड्या बिनतक्रार दाबायचे, आणि मागावरून उठला की दारापर्यंत जात नसत. त्याच्याही घरचे म्हणाले, नाटक. एकदा मागाची एक पट्टी निखळून वाटेत पडली, ती ओलांडायला त्याने पाय उचलला आणि तो चालूच लागला. तेव्हापासून तो काठी बाळगायचा, पण टेकायला नाही, आडवी टाकायला. "ठीक नहीं होगा, मास्टरजी. झूठ नहीं बोलूँगा. पर बैठ मत जाना," असं तो म्हणाला. मी त्याचा थरथरता हात माझ्या थरथरत्या हातात धरला आणि लहान पोरासारखा रडलो. बरं होईल, असं त्याने मला सांगितलं नव्हतं. हे ढोंग नाही, खरं आहे, एवढंच सांगितलं होतं. मला तेवढंच हवं होतं.

घरी जाताना मी एक काठी विकत घेतली आणि सुताराकडे जाऊन उंबरा परत बसवायला सांगितला. तो म्हणाला, "मास्तर, एक बार पक्कं करा ना, उंबरा पाहिजे की नको." मी म्हणालो, पाहिजे, आणि जरा उंच पाहिजे. ओलांडायला काही असलं की पाय उठतो, घाटाच्या पायऱ्यांवर तेच होत होतं, हे एव्हाना मला कळलं होतं. मी बायकोला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि "बरं," म्हणाली. तिचं 'बरं' मी ओळखतो. त्यात विश्वास नव्हता.

त्यानंतर दर सोमवारी ऊन उतरलं की आम्ही पायरीवर भेटू लागलो. पुढे सुपडाबाई येऊन मिळाली, नदीपलीकडच्या गावातली कपाशीवाल्या शेतकऱ्याची आई. मुलगा तिला बैलगाडीने आणायचा. तिचं डोकं सारखं 'नाही, नाही' म्हटल्यासारखं हलायचं. ती हसून सांगायची, "मना मुंडकाकडे देखीसन लोकेसले वाटस, डोकरी समदासले नईच म्हनस." आम्ही काही धर्मचर्चा करत नव्हतो. जागच्या जागी वळू नये, बैलगाडीसारखं लांबून वळावं. पेला अर्धाच भरावा. बोलताना आवाज बसतो, म्हणून घरात मुद्दाम ओरडून बोलावं. या युक्त्या कुठल्या पोथीत नाहीत आणि दवाखान्यातही नाहीत. कधी तिघांपैकी एकाचा दिवस वाईट असायचा, तेव्हा बाकीचे दोघे नुसते शेजारी बसून राहायचे. मी शाळेत पुन्हा नियमाने जाऊ लागलो. पाढे तर मोठ्याने म्हणायचेच असतात.

फक्त देवळात आत जायला मन धजेना. पुजाऱ्यासमोर, दर्शनाला आलेल्यांसमोर काठी आडवी टाकत जायचं म्हणजे म्हशीचा तमाशा पुन्हा. आणि घरी हिचा विश्वास अजून बसला नव्हता. एक दिवस ती घाटावर आली, बहुधा मी कुणाच्या नादी लागलोय ते पाहायला. सुपडाबाईने तिला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "बहीन, हाऊ ढोंग नई शे. मना पायबी असाच चिटकतस. घरमा चिटकतस, नांगरेल वावरमा चालतस." ही सुपडाबाईच्या पावलांकडे पाहत राहिली.

महाशिवरात्रीला ती स्वतःहून म्हणाली, "चला, आज आतून दर्शन घेऊ." सकाळीच घाट माणसांनी फुलला होता. कासमभाई पायरीवर बसला होता. म्हणाला, "यहाँ तक मैं. आगे आप जानो और आपका भगवान." मी काठी आडवी टाकत, ओलांडत, रांगेतून हिच्या मागोमाग फरशीच्या मध्यापर्यंत गेलो. आणि तिथे कुणाचा तरी धक्का लागून काठी हातातून सुटली. शंभर पायांनी ती ढकलत कुठल्या कुठे नेली. पुढे पिंडी, मागे गर्दी, आणि माझे पाय फरशीला चिकटलेले. "चला ओ, चला, आगे बढ़ो," असा ओरडा सुरू झाला. मी डोळे मिटले. आता पडणार, हे मला कळलं होतं.

"ओलांडा."

मी डोळे उघडले. ही वळून माझ्यासमोर उभी होती. तिने आपलं पाऊल माझ्या अंगठ्यांपुढे आडवं ठेवलं होतं.

आपल्याकडे झोपलेल्या पोरालाही कुणी ओलांडत नाही. आणि बायकोने भर देवळात नवऱ्यापुढे पाय आडवा घालायचा, नवऱ्याने तो ओलांडायचा, हे तर कुणी ऐकलंही नसेल. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारे गृहस्थ "काय जमाना आला" म्हणालेच. मी पुटपुटलो, "अगं, लोक बघतायत."

"बघू दे लोकांना. ओलांडा."

मी ओलांडलं. तिने पाऊल काढून पुढे ठेवलं. मी ओलांडलं. तिने पुन्हा ठेवलं. मागचा ओरडा कधी थांबला ते मला कळलं नाही. मी वर पाहिलंच नाही. तिची जोडवी, टाचेच्या भेगा आणि माझा उचललेला पाय, एवढंच दिसत होतं. असं करत आम्ही पिंडीपाशी पोचलो. तिने बेल माझ्या हातात दिला, हात थरथरत होता म्हणून खालून आपला हात लावला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो वाहिला. मग खाली वाकून, पाय लागला म्हणून, तिने माझ्या पावलांना हात लावून नमस्कार केला. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. पण बोलली ती तिच्या पद्धतीनेच, "इतकं सोपं होतं, तर आधी सांगायचं नाही?"

उंबरा परत बसवला तेव्हाच मी ते सांगितलं होतं. पण त्या दिवशी भांडावंसं वाटलं नाही.

आजार बरा झाला नाही, होणारही नव्हता. कासमभाई दोन पावसाळ्यांनंतर अंथरुणाला खिळला, तेव्हा आमचा सोमवार आम्ही त्याच्या घरी नेला. आता माझेही पाय फारसे उचलत नाहीत आणि हे मी सांगतोय ते लिहून घ्यायला ही समोर बसली आहे. देवाला शरण जावं, असं मी वर्गात कितीदा तरी शिकवलं होतं, आणि मला वाटायचं, ते आपल्या पायांनी जायचं असतं. माझे पाय काढून घेतल्यावर मला कळलं की तसं नसतं. आडवी काठी धरणारा परका माणूस, स्वतःचं हसं करून घेणारी म्हातारी, आणि चारचौघांत लाज सोडून पाऊल पुढे ठेवणारी बायको, यांच्यावर भार टाकता आला पाहिजे. तो टाकायला मी फार उशीर केला. देवाने मला दारात अडवलं, असं मी इतकी वर्षं म्हणत होतो. त्याने मला फक्त एकट्याने आत येऊ दिलं नाही. त्याबद्दल माझी आता काही तक्रार नाही.